रिबिल्ट टायटलची कोरोला: टेक्ससमध्ये काही महिने वापरल्यावर

गाडी २०१८ची टोयोटा कोरोला एलई, १.८ लिटर इंजिन, सीव्हीटी गिअरबॉक्स. टायटलवर (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद) ‘रिबिल्ट सॅल्व्हेज’, म्हणजे टोटल लॉस होऊन पुन्हा दुरुस्त केलेली, हा शेरा. मार पुढच्या डाव्या कोपऱ्याला, एअरबॅग एकही उघडलेली नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल काही महिन्यांनंतरही तक्रार नाही. ज्या कटकटी निघाल्या त्या सगळ्या दुरुस्तीत वापरलेल्या स्वस्त पार्टच्या आणि अर्धवट कामाच्या. त्यांच्याकडे येतोच, पण आधी शेऱ्याबद्दल, कारण भारतातून आलेल्यांना आरसीवर असा शेरा पाहायची सवय नसते.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस ठरते आणि टायटलवर ‘सॅल्व्हेज’ हा शेरा बसतो. ही मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे: टेक्ससमध्ये १०० टक्के, फ्लोरिडात ८०, न्यूयॉर्कमध्ये ७५. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत दुरुस्तीचा खर्च अधिक भंगाराची किंमत हे गणित लावतात. त्यामुळे तोच मार एका राज्यात सॅल्व्हेज ठरतो आणि दुसऱ्यात टायटल स्वच्छ राहतं. दुसरं असं, की दहा-बारा वर्षांची गाडी बंपर, हेडलाइट आणि दोन एअरबॅगमध्येही टोटल होते. दोन वर्षांची गाडी टेक्ससमध्ये टोटल झाली असेल, तर मार जबर होता किंवा पाणी शिरलं होतं असं धरून चाला. नवं मॉडेल कमी पैशात मिळतंय म्हणून हुरळणाऱ्यांनी हे उलटं गणित आधी लक्षात घ्यावं.

सॅल्व्हेज टायटलवर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. टेक्ससमध्ये दुरुस्ती झाल्यावर व्हीटीआर-६१ हा फॉर्म आणि ६५ डॉलर फी भरली की रिबिल्ट टायटल मिळतं. फॉर्ममध्ये काय बदललं ते दुरुस्त करणाराच लिहितो. वेल्डिंग नीट झालं का, एअरबॅग खरी आहे का, हे सरकारी माणूस तपासत नाही. १ जानेवारी २०२५पासून खासगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणीही बंद झाली आहे. डॅलस, हॅरिस, ट्रॅव्हिससारख्या मोठ्या काउंटींत (जिल्ह्यांत) फक्त धुराची चाचणी उरली. म्हणजे ‘तपासणी पास आहे’ हे वाक्य विकणाऱ्याने कितीदा म्हटलं तरी त्याला वजन शून्य.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी व्हिन नंबर (चॅसी नंबर) मागा. एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या व्हिनचेक साइटवर चोरी आणि सॅल्व्हेजची नोंद फुकट दिसते. एनएमव्हीटीआयएसचा (टायटलांच्या देशभरच्या सरकारी नोंदीचा) रिपोर्ट काही डॉलरमध्ये मिळतो. मग व्हिन इंटरनेटवर शोधा. कोपार्ट किंवा आयएए या टोटल गाड्या विकणाऱ्या कंपन्यांच्या लिलावातले जुने फोटो बहुतेक वेळा सापडतात. मार कुठे, एअरबॅग लोंबतायत का, लिलावाच्या वेळचं ओडोमीटर किती, सगळं त्यात असतं. दुरुस्तीआधीचे फोटो मिळत नसतील आणि विकणाराही देत नसेल, तर ती गाडी सोडा. बाकी सगळं जुळलं तरी सोडा.

गारांचा मार किंवा चोरीनंतर सापडलेली गाडी सहसा चांगला सौदा असतो. पाण्यातली गाडी कधीच नाही. कारपेटखालून वायरिंग जातं, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि बिघाड काही महिन्यांनी कुठल्याही कोपऱ्यातून डोकं काढतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून डाग बघा, सीटच्या बोल्टवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ शोधा. २०१७च्या हार्वे वादळानंतर ह्यूस्टन भागात लाखो गाड्या बुडाल्या. अशा गाड्या दुसऱ्या राज्यात नेऊन शेरा पुसून आणण्याचा धंदाही इथे जुना आहे.

एअरबॅगची परीक्षा सोपी. किल्ली फिरवल्यावर एसआरएसचा (एअरबॅग यंत्रणेचा) दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलाय. मात्र एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून दिव्याला फसवता येतं, त्यामुळे एसआरएस वाचणारा स्कॅनर लावून घ्या. वीस डॉलरचा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं साधं यंत्र) इंजिनचेच कोड वाचतो. लिलावाच्या फोटोत एअरबॅग उघडलेली दिसत असेल, तर नव्या मूळ एअरबॅगची पावती मागायचीच. निकृष्ट इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा भाग) मृत्यू झाल्यावर २०२४मध्ये एनएचटीएसए या अमेरिकी रस्ते सुरक्षा संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

चॅसीसाठी पेंटची जाडी मोजा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. ३००च्या वर गेला तर पुन्हा रंग किंवा खाली पुट्टी. बंपर, फेंडर बदललेले असणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बघायचं ते बॉनेट उघडून: सस्पेन्शन टॉवर आणि पुढच्या रेलवर कारखान्याचे गोल, सारख्या अंतरावरचे स्पॉट वेल्ड आहेत का, की ग्राइंडर फिरवून काळा रंग मारलाय. त्यानंतर पैसे देण्याआधी व्हील अलाइनमेंटचा प्रिंटआउट काढा. डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये (चाकाचा आत-बाहेर कल) अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल आणि तो बसवता येत नसेल, तर काहीतरी वाकलंय. शंभरेक डॉलरचा हा कागद विकणाऱ्याच्या तासभर बोलण्यापेक्षा जास्त सांगतो.

आता या कोरोलाच्या कटकटी. कंपनीबाहेरचा डावा हेडलाइट धुतल्यावर आतून धूसर होतो, कारण सील हलकं आहे. बंपरच्या क्लिपा अर्ध्याच लावल्या होत्या, हायवेला थरथर यायची. डावं पुढचं टायर आतल्या कडेने झिजत होतं. अलाइनमेंटमधला टो (चाकांची पुढची दिशा) नीट बसवल्यावर थांबलं. उन्हाळ्यात सिग्नलला एसी ढिला पडायचा आणि गाडी पळाली की थंड व्हायचा. कंडेन्सर बदलला होता, पण पंखा जुनाच आणि त्याचं एक पातं मोडलेलं. सगळ्यात महागडी गोष्ट रडार. २०१७पासून कोरोलात टोयोटा सेफ्टी सेन्स स्टँडर्ड आहे आणि त्याचं रडार पुढच्या लोगोमागे बसतं. ब्रॅकेट जरासं वाकलेलं असलं तरी पीसीएसचा (टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा) दिवा अधूनमधून लुकलुकतो. ब्रॅकेट बदलून सपाट जमिनीवर टार्गेट लावून कॅलिब्रेशन करावं लागतं, त्याला काहीशे डॉलर पडतात. पुढून मार लागलेली गाडी घेताना हा खर्च किमतीतून आधीच वजा करा.

किमतीचं बोलायचं तर स्वच्छ टायटलच्या तशाच गाडीपेक्षा निदान ३० टक्के कमी हवी. तुलना डीलरच्या भावाशी करू नका, घरगुती विक्रीच्या भावाशी करा. विकणारे नेमके इथेच हातचलाखी करतात. कर्ज बहुतेक बँका देत नाहीत. उबर-लिफ्टला ही गाडी चालत नाही. लायबिलिटी विमा सहज मिळतो (टेक्ससची किमान मर्यादा ३०/६०/२५, म्हणजे एका जखमीला ३० हजार, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना ६० हजार आणि मालमत्तेला २५ हजार डॉलर), पण स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा काहीच कंपन्या देतात आणि भरपाई रिबिल्टच्या भावाने. व्हिन देऊन कोटेशन सौदा ठरण्याआधी घ्या. वर्षा-दोन वर्षांत शिक्षण संपवून गाडी विकणाऱ्या विद्यार्थ्याला हा सौदा परवडत नाही, कारण घेताना वाचलेले पैसे विकताना जातात. पाच-सहा वर्षं वापरून झिजवणाऱ्याला परवडतो.

व्हीटीआर-६१ची प्रत, पार्टच्या पावत्या आणि आधीचे फोटो विकणाऱ्याकडून घेऊन जपून ठेवा. दुसऱ्या राज्यात नोंदणी करताना ते मागितले जाऊ शकतात, आणि पुढचा चांगला गिऱ्हाईक तर मागणारच.