हँडल फिरवून उघडणारी जुनी खिडकी: पार्ट बंद झालाय, मग काय बसवायचं?

सोलापुरात होटगी रोडला आमचं घर बांधलं तेव्हा मामांनी अमेरिकेतून येताना सहा खिडक्यांचे क्रँक आणले होते, म्हणजे चौकटीच्या खाली एक छोटं हँडल, ते फिरवलं की आतला गिअर एक दांडा ढकलतो आणि सागवानी झडप बाहेर उघडते. पंचवीसेक वर्षं मस्त चाललं. आता तीन क्रँक गेलेत, ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय, आणि नव्या पेठेपासून मधल्या मारुतीपर्यंत ज्या हार्डवेअरवाल्याला दाखवलं त्याने ते हातात घेऊन उलटंसुलटं करून परत दिलं. कुणाकडे अशा खिडक्या असतील तर आम्ही काय काय बघितलं ते सांगते.

खरेदीच्या आधी एक करा. हँडल काढा आणि आतला दातेरी खुंटा पक्कडीने हळू फिरवून बघा. झडप हलली तर गिअर ठणठणीत आहे, फक्त हँडलचे दाते झिजलेत, तेवढं हँडलच बदला. खुंटा नुसताच गरगर फिरला तर गिअर गेला. आणि जाम असेल तर बहुतेक आपली सोलापूरची धूळ जुन्या ग्रीसमध्ये बसून घट्ट झालेली असते, डिझेलने धुवून नवीन ग्रीस लावा, आमची एक खिडकी एवढ्यावरच सुटली. दुसरं म्हणजे बिजागऱ्या बघा. झडप खाली उतरली असेल आणि चौकटीला घासत असेल तर सगळा जोर त्या गिअरवर येतो, मग नवीन कितीही भारी बसवा, तोही जाणार. आमचे दोन असेच गेले होते, सुताराने बिजागऱ्या बदलल्यावर कारण कळलं.

आता पर्याय. तसाच दुसरा क्रँक ऑनलाइन बाहेरून मागवता येतो, मॉडेल बंद असलं तरी जुळणारे मिळतात, पण मापं नीट घ्यायला लागतात: खिडकी डावी की उजवी, दांडा एक की दोन, दांड्याची लांबी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि खुंट्याची जाडी. पुठ्ठ्यावर जुना ठेवून पेन्सिलीने भोकं उतरवून घ्या, फोटोवरून अंदाज बांधू नका. एका नगाला कुरिअर आणि ड्युटी धरून आम्हाला जेवढे पैसे पडले तेवढ्यात चार खिडक्यांचे फ्रिक्शन स्टे (झडप धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या, पुढे सांगते) आले असते. तरी स्वयंपाकघराला आम्ही तोच घेतला, कारण खिडकी ओट्याच्या पलीकडे आहे, आतून डासांची जाळी फिक्स आहे, आणि आईची बोटं दुखतात, गॅसवरून वाकून झडप ढकलणं तिला जमणारच नाही. जाळी न उघडता खिडकी उघडते हाच क्रँकचा खरा फायदा, बाकी कुठल्याच साध्या फिटिंगमध्ये तो नाही.

फ्रिक्शन स्टे म्हणजे स्टीलची ती पट्टी जी झडपेला पाहिजे तिथे धरून ठेवते. मजबूत असते, 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, आणि झडपेचं वजन सांगूनच घ्या कारण सागवान लई जड असतं. पण लक्षात ठेवा, ही बिजागरीच्या जागी बसते, बिजागरी ठेवून वरून लावायची वस्तू नाही, त्यामुळे जुन्या लाकडी चौकटीत सुताराला खाच मारायला लागते. चांगला सुतार मिळाला तरच या वाटेला जा, खाच जास्त गेली की चौकट कायमची बिघडते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे भोकाभोकांचा स्टे किंवा साधा लांब हुक, आणि बंद करायला टॉवर बोल्ट. बिजागऱ्या आहेत तशाच राहतात, अर्ध्या तासाचं काम. या दोन्हीत झडप हाताने ढकलायला लागते, म्हणून आतली जाळी वेल्क्रोची किंवा चुंबकाची करा. हॉलच्या खिडकीला आम्ही हाच लावलाय. वळिवाच्या आधी जो वारा सुटतो त्यात हुक नीट अडकवलेला नसला तर झडप आपटून काच जाते, तेवढं सांभाळा.

अ‍ॅल्युमिनियमवाला म्हणेल सगळं काढून स्लायडिंग करा. मला ते अजिबात पटलं नाही. दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमध्ये एका वेळी अर्धीच खिडकी उघडी राहते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर असताना रात्री दहानंतर जी काय झुळूक येते ती पूर्ण आत यायला हवी ना. चौकटच वाळवीने खाल्ली असेल तर गोष्ट वेगळी, पण चांगलं सागवान एका दांड्यापायी फेकू नका.

आणखी एक वाट आपल्या गावातच आहे, बाहेर कुणी सांगणार नाही. पूर्व भागात यंत्रमागाचे गिअर बनवणारी लेथची वर्कशॉप आहेत. आमचा तिसरा क्रँक तिथे उघडून दाखवला तर ते म्हणाले बॉडी शाबूत आहे, आतलं झिजलेलं चाक पितळेत कापून देतो. बॉडीला चीर असती तर जमलं नसतं, कारण ती जस्ताच्या मिश्रधातूची असते, 400 अंशांच्या आतच वितळते, साध्या वेल्डिंगला टिकत नाही. त्यामुळे तडा असेल तर तिकडे चक्कर मारू नका, आणि बॉडी चांगली असेल तर ऑनलाइन मागवायच्या आधी तिकडेच जा. दाते मोजता यावेत म्हणून जुनं चाक तुटलेलं असलं तरी सोबत न्या, तुकडेसुद्धा.

आमचं चाक अजून तिथेच आहे, सध्या बेडरूमची ती झडप दोरीने बांधलीय. बाकी दोन क्रँकचे स्क्रू आणि दांडे खिडकीचं नाव लिहून डब्यात ठेवलेत, उरलेल्या खिडक्यांना कधी ना कधी लागतीलच.