म्हापशातलं फोटो छापणारं दुकान: बोआचे रंग, दोन खेपा आणि अकरा बोर्ड

मी डिचोलीला उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. नागपंचमीच्या आठवड्यात आम्ही शाळेत सापांवर एक छोटं प्रदर्शन लावतो. यंदा बारावीच्या मुलांनी मोबाइलवर पिवळेधमक, पांढरेशुभ्र साप बघितले होते आणि ‘टीचर, हे खरे असतात की रंगवलेले?’ असा प्रश्न घेऊन आली. म्हणून विषय ठरला, पाळीव बोआ कन्स्ट्रिक्टर या परदेशी सापाचे रंग आणि नक्षी. आनुवंशिकता शिकवायला मेंडेलच्या वाटाण्यापेक्षा हे जास्त चांगलं, मुलं डोळे फाडून बघतात.

फोटो मावसभावाचे. तो टोरांटोजवळ राहतो आणि पंधरा वर्षं बोआ पाळतो. त्याने मूळ फाइली पाठवल्या. अकरा बोर्ड करायचे होते, १२ × १८ इंचाचे, सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या फळीवर चिकटवून. आमच्याकडे फ्लेक्स करून मिळतो, पण फ्लेक्सवर खवला दिसत नाही. म्हणून कदंबा बस पकडून अस्नोड्यावरून म्हापसा गाठलं. दुकान बाजारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. नाव इथे देत नाही, कारण पहिल्या खेपेला काय बिघडलं तेही सगळं सांगणार आहे.

पेन ड्राइव्ह दिला, अॅडव्हान्स दिला, चार दिवसांनी बोर्ड घ्यायला गेले. लांबून बघितलं तेव्हा मन भरून आलं. कागद मॅट, कडा सरळ, खवलान् खवला मोकळा. मग जवळ गेले.

सगळ्यात आधी ॲनरीचा बोर्ड खटकला. ॲनरी म्हणजे ॲनरिथ्रिस्टिक, ज्याच्या अंगात लाल रंग तयारच होत नाही असा बोआ. साधा बोआ तपकिरी असतो, पाठीवर खोगिरासारखे गडद पट्टे आणि शेपटीकडे तेच पट्टे भाजलेल्या कौलासारखे लाल होत जातात. ॲनरीत ती शेपटीसुद्धा राखाडी-काळी, बाकी अंग चांदीसारखं. माझ्या बोर्डावर मात्र तो चक्क तपकिरी झाला होता. एका जनुकाने जे काढून घेतलं होतं, ते मशीनने परत घातलं होतं! फोटोत लाल कमी दिसतो म्हणजे रंग बिघडलाय, असं धरून ऑटो करेक्शनने तो भरून काढला.

दुसरा अल्बिनो. त्याचा डोळा लाल असतो, कारण काळं रंगद्रव्य नसल्याने आतल्या रक्ताचा रंग दिसतो. बोर्डावर डोळा काळाकुळकुळीत. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘टीचर, फ्लॅशने डोळा लाल आलेला, मी साफ केला.’ लग्नाच्या फोटोंत तो दिवसभर हेच करतो. त्याने चांगल्या मनानेच केलं होतं, त्यामुळे त्याच्यावर रागावता आलं नाही. पण मला मात्र रडूच यायचं बाकी होतं, प्रदर्शनाला सहा दिवस उरले होते.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त लागली. आयएमजी नावाचा एक प्रकार आहे. पिल्लू जन्मतं तेव्हा जवळजवळ साध्या बोआसारखं दिसतं आणि वाढत्या वयाबरोबर काळं पडत जातं. मावसभावाने एकाच सापाचे तीन फोटो दिले होते, दोन महिन्यांचा, दीड वर्षाचा आणि चार वर्षांचा. चार वर्षांचा साप ओल्या जांभ्यावरच्या शेवाळासारखा, काळा आणि खोल. छापताना तिन्ही फोटो उजळून एकाच पातळीवर आणले गेले. त्या बोर्डाचा सगळा अर्थच गेला.

मालक आतून आले. मी त्यांना एकेक बोर्ड दाखवत गेले आणि त्यांनी मध्ये एकदाही ‘प्रिंटमध्ये थोडा फरक येतोच’ असं म्हटलं नाही. हे वाक्य मी इतर ठिकाणी इतक्यांदा ऐकलंय की ते न ऐकणं हाच मोठा दिलासा होता. त्यांनी स्टूल ओढून मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, ‘टीचर, तुम्ही सांगा, आम्ही हात लावणार नाही.’

पुढचे दोन तास फार छान गेले. मी सांगत होते की सापाच्या कातडीत काळं-तपकिरी मेलॅनिन असतं, शिवाय पिवळ्या आणि लाल रंगद्रव्यांच्या पेशी असतात. एखादं जनुक बदललं की त्यातलं एक रंगद्रव्य बंद होतं किंवा कमी होतं. तो मुलगा लगेच म्हणाला, ‘म्हणजे आमच्या शाईसारखं.’ त्याने साध्या बोआचा फोटो उघडला आणि काळ्या शाईचा चॅनेल बंद करून दाखवला. साप फिका झाला, पण अल्बिनो झाला नाही. का, ते बघताना मलाही नव्याने उमगलं. छपाईत तपकिरी रंग उरलेल्या तीन शायांतूनही बनतो, म्हणून तो मागे राहतो. सापात काळ्याबरोबर तपकिरीही मेलॅनिनचाच, म्हणून दोन्ही एकदम जातात आणि पिवळा-नारिंगी उघडा पडतो. हे उदाहरण मी आता वर्गात वापरते.

मग तो म्हणाला, ‘हे दोन बोर्ड एकाच फोटोचे आहेत ना? एक रद्द करू?’ ते होते अल्बिनोचे दोन वंश, ‘काल’ (Kahl) आणि ‘शार्प’ (Sharp). दिसायला इतके सारखे की त्याचं चुकलं नाही. पण ‘काल’ वंशाचा नर आणि ‘शार्प’ वंशाची मादी यांची जोडी लावली तर पिल्लं साधी तपकिरी निघतात. दोन्हीकडे मेलॅनिन बंद, पण बंद करणारं जनुक वेगळं. अप्रभावी जनुक दोन्ही पालकांकडून एकच यावं लागतं, तेव्हाच परिणाम दिसतो. हे सांगितल्यावर त्याने दोन्ही फोटो शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघितले. माझ्या मते अख्ख्या प्रदर्शनात हेच दोन बोर्ड सगळ्यात मोलाचे होते.

दुसरी खेप इंकजेटवर, सगळं करेक्शन बंद करून. आधी प्रत्येक फोटोची पोस्टकार्डाएवढी पट्टी काढून दाखवली आणि मी होकार दिल्यावरच मोठा प्रिंट घेतला. त्याचे पैसे घेतले नाहीत, पुन्हा छापण्याचेही नाहीत. प्रिंट आणि सनबोर्ड धरून एका बोर्डाला साडेतीनशे रुपये पडले. स्वस्त नाही, पण काम बघता योग्य आहे.

निकाल? ॲनरी चांदीचा. हायपोचा, म्हणजे ज्यात काळा कमी होतो त्या बोआचा, गुलाबीसर तजेला तसाच्या तसा. हायपो आणि अल्बिनो एकत्र आले की सनग्लो होतो. त्याचा नारिंगी रंग पिकलेल्या मानकुराद आंब्याच्या गरासारखा उतरलाय. मोटलीच्या पाठीवरची साखळीसारखी गोल नक्षी आणि मोकळ्या कुशी स्पष्ट दिसतात. सगळ्यात अवघड स्नो, ज्यात अल्बिनो आणि ॲनरी ही दोन्ही अप्रभावी जनुकं जोडीने यावी लागतात. आईबाप दोघेही दोन्ही जनुकांचे फक्त वाहक असतील, म्हणजे जनुक अंगात आहे पण रंगात दिसत नाही, तर सोळा पिल्लांत सरासरी एक. पांढऱ्या कागदावर पांढरा साप छापायचा म्हणजे नक्षी हमखास उडते. इथे पट्ट्यांची फिकट गुलाबी कड टिकली आहे. खिडकीजवळ धरून बघितली, तरी आहे.

दहाव्या बोर्डावर आपले स्थानिक भाऊबंद, मांडूळ आणि १९९१ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि गोव्यातही आढळणारा व्हिटेकरचा बोआ. बोआ कन्स्ट्रिक्टर मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचा, आपल्याकडचा नव्हेच. पण तोही मांडुळासारखी जिवंत पिल्लंच घालतो. मांडुळाची शेपटी बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात आणि धनलाभाच्या खोट्या आशेने त्याचा चोरटा व्यापार चालतो. तो पकडणं-विकणं गुन्हा आहे, हे मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. अकराव्या बोर्डावर परदेशी प्राण्यांचा कायदा. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटीस, म्हणजे संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतले प्राणी पाळणाऱ्याला नोंदणी सक्तीची झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, घरात पिल्लं झाली तरी कळवायचं असतं. हे मुलांना माहीत असायलाच हवं, कारण बोर्ड बघून पहिला प्रश्न ‘कुठे मिळतो?’ हाच येतो. या बोर्डावर मराठी अक्षरं कुठेही फुटली नाहीत, जोडाक्षरंसुद्धा शाबूत.

बिघडलेले तीन बोर्ड मी मागून घेतले. प्रदर्शनात ते खऱ्या बोर्डांशेजारी लावले आणि खाली एकच प्रश्न लिहिला, ‘मशीनने कोणतं रंगद्रव्य घातलं?’ अकरावीची एक मुलगी ॲनरीच्या दोन बोर्डांसमोर पूर्ण मधली सुट्टी उभी होती आणि तिने शेपटीवरून बरोबर उत्तर दिलं.

एक तक्रार अजून आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत तिसऱ्या आठवड्यात दोन बोर्डांचे कोपरे सुटले. दुकानात नेले तर लगेच दाबून दिले, पण पावसात काम देताना कडांना टेप मारायला आधीच सांगा. रंगाला महत्त्व असेल तर ‘करेक्शन नको, आधी पट्टी दाखवा’ हे पावतीवर लिहून घ्या. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, बसने गेलेलं बरं.