सत्तर वर्षांची ओकची जमीन आणि ती तासणारी माणसे

न्यू जर्सीतील मिडलसेक्स काउंटीत आम्ही राहतो ते घर १९५५ साली बांधलेले आहे. आम्ही ते विकत घेतले तेव्हा सगळ्या खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत करड्या रंगाचे कार्पेट होते, आणि एका कपाटातला कार्पेटचा कोपरा उचलल्यावर खाली सव्वादोन इंच रुंदीच्या, पाऊण इंच जाडीच्या ओकच्या लाकडी पट्ट्या दिसल्या. त्या काळच्या इथल्या साध्या मध्यमवर्गीय घरांत अशी जमीन सर्रास असे. तिच्यावर कार्पेट घालण्याची पद्धत नंतर आली. आमचा ओक तांबड्या जातीचा आहे. १९५० पासून तो या राज्याचा राज्यवृक्षही आहे. या उन्हाळ्यात सुमारे ६२० चौरस फूट जमीन एका छोट्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या कंपनीकडून तासून, वर नवे आवरण देऊन नव्याने करून घेतली, त्या कामाचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्यावरून मी हे काम जोखले त्या गोष्टी कोणत्याही कारागिराच्या बाबतीत तपासून पाहता येतात.

आधी एक जुना अनुभव सांगणे आवश्यक आहे. नऊ वर्षांपूर्वी आम्ही एका दुसऱ्या ठेकेदाराकडून फक्त निजण्याच्या खोलीची जमीन अशी करून घेतली होती. त्याचे काम एका दिवसात आटोपले आणि दरही कमी होता. मात्र संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की जमिनीवर आडव्या लाटा दिसत. ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या ड्रमवर सँडपेपर लावलेले तासणीचे यंत्र, चालू असताना एका जागी क्षणभर थांबला तरी तिथे खळगा पडतो. यंत्र चालत असतानाच ड्रम टेकवावा आणि चालत असतानाच उचलावा लागतो. ती काळजी त्या माणसाने घेतली नव्हती. लाटांपेक्षा मोठे नुकसान आम्हाला या वर्षी कळले.

या वेळी आलेल्या मुख्य कारागिराने घरात शिरल्यावर रंगाचा किंवा दराचा विषय काढलाच नाही. त्याने हीटरची जमिनीतली लोखंडी जाळी उचलून बाजूला ठेवली. जाळीखालच्या चौकोनात पट्ट्यांचा आडवा छेद उघडा दिसतो, आणि तिथे त्याने लहान स्टीलची पट्टी लावून जिभेच्या वर किती लाकूड उरले आहे ते मोजले. या पट्ट्या खाच आणि जीभ अशा पद्धतीने एकमेकींत बसवलेल्या असतात आणि खिळे जिभेतून तिरपे मारलेले असतात. त्यामुळे जमीन पाऊण इंचाची असली तरी तासण्याजोगा भाग फक्त जिभेच्या वरचा, नवेपणी सुमारे ६ मिलीमीटर एवढाच असतो. तो संपत आला की वरचा पातळ ओठ चिरतो, खिळ्यांची डोकी वर येतात आणि मग जमीन बदलण्यावाचून उपाय राहत नाही. दिवाणखान्यात पाच मिलीमीटर उरले होते. निजण्याच्या खोलीत जेमतेम साडेतीन. त्या एका दिवसाच्या स्वस्त कामात दोन वेळच्या तासणीपुरते लाकूड उडाले होते.

म्हणून माझ्या मते या व्यवसायातल्या माणसाची पारख तो किती लाकूड शिल्लक ठेवतो यावरून करावी. चकाकी कोणीही आणतो. या कारागिराने प्रत्येक खोलीत पाण्याचे थेंब टाकून पाहिले. थेंब वर मोत्यासारखा उभा राहिला तर जुने आवरण अजून शाबूत आहे, आणि काही मिनिटांत लाकूड काळपट होऊन थेंब आत जिरला तर ते गेले आहे. पाहुण्यांच्या खोलीत थेंब उभा राहिला. तिथे लाकूड तासायचेच नाही, फक्त वरचे आवरण हलके खरवडून त्यावर नवा एक थर द्यायचा, असे त्याने सांगितले. त्या खोलीचा दर चौरस फुटाला दीड डॉलर लागला, बाकी घराचा पाच डॉलर. स्वतःचे उत्पन्न कमी करणारा सल्ला त्याने न विचारता दिला, आणि तिथेच मी हे काम त्याला द्यायचे ठरवले.

अवघड जागा दोन होत्या. मागच्या दाराजवळ तळहाताएवढा काळा डाग होता. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. पाणी आणि लोखंड यांच्याशी गाठ पडली की ते शाईसारखे काळे होते, आणि तिथे वर्षानुवर्षे ओल्या छत्र्यांचा लोखंडी स्टँड उभा होता. हा डाग ऑक्झॅलिक आम्लाने दोन वेळा धुतल्यावर जवळजवळ गेला. दुसरी जागा देव्हाऱ्यासमोरची. सासूबाई इथे असतात तेव्हा समई रोज लागते, आणि तिच्यातून ठिबकलेले तेल तीन पट्ट्यांत खोलवर मुरले होते. तेलकट लाकडावर कोणतेही आवरण नीट धरत नाही. कारागिराने त्या तीन पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या जागी कोठीच्या कपाटाच्या तळातल्या पट्ट्या उचलून बसवल्या. दुकानातली नवी पट्टी का नको, असे मी विचारले. त्याने दोन्ही तुकडे शेजारी धरून दाखवले. आमच्या पट्टीतल्या रेषा दाट होत्या, नव्या पट्टीत विरळ, आणि सत्तर वर्षांच्या लाकडाचा पिकलेला रंग नव्याला कोणत्याही पॉलिशने आणता आला नसता. कपाटात नवे लाकूड घातले, तिथे ते कोणाच्या नजरेस पडत नाही. सांधे एका रेषेत न ठेवता मागेपुढे ठेवल्यामुळे आज ती जागा मलाही शोधावी लागते.

प्रत्यक्ष तासणी दीड दिवस चालली. दिवाणखान्यात त्यांनी ६० नंबरच्या सँडपेपरपासून सुरुवात केली, मग ८०, मग १०० (नंबर जितका लहान तितका कागद खरबरीत). फक्त निजण्याच्या खोलीत, जुन्या लाटा काढण्यापुरता, ३६ नंबर वापरावा लागला आणि तोही एकदाच. भिंतीकडेच्या पट्ट्यांसाठी वेगळे गोल यंत्र होते आणि कोपरे हाताने, खरवडणीने केले. ती खरवडणी तो दर दहा मिनिटांनी कानशीवर धार लावून घेत असे, आणि तिच्याखालून निघणारे लाकूड भुशासारखे न पडता पातळ कुरळ्या सालीसारखे सुटत असे. दोन थरांच्या मध्ये घासायला स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा घासणा, वापरले नाही, कारण त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकले तर पाण्यावर आधारित आवरणाखाली त्या प्रत्येक तुकड्याचा काळा ठिपका होतो. दर संध्याकाळी भुशाची पिशवी रिकामी करून ती धूळ घराबाहेर पत्र्याच्या डब्यात टाकली जाई. जुन्या वॉर्निशची धूळ पिशवीत राहिली तर ती आपोआप पेटू शकते, ही गोष्ट स्वतः तासणी करू पाहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. घर १९७८ पूर्वीचे असेल तर शिशाच्या रंगाचा प्रश्नही येतो. अशा घरांत काम करणाऱ्या कंपनीकडे अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचे (ईपीए) प्रमाणपत्र असावे लागते, आणि ते यांनी मागण्याआधीच दाखवले.

रंगाबाबत घरात एकमत नव्हते. मुलाला गडद अक्रोडी छटा हवी होती. कारागिराने सोफ्यामागे तीन नमुने लावून दिले आणि दोन दिवस आम्हाला ते सकाळ-संध्याकाळच्या उजेडात पाहू दिले. तेलावर आधारित पॉलियुरेथेनचे आवरण सुंदर मधासारखे दिसते, पण ते वर्षागणिक पिवळे होत जाते आणि त्याचा वास घरात अनेक दिवस राहतो. गडद छटेवर प्रत्येक ओरखडा पांढरा उठतो. आम्ही पाण्यावर आधारित आवरण निवडले, बोना कंपनीचे ट्रॅफिक एचडी हे दोन घटक मिसळून लावायचे, आणि त्याखाली किंचित सोनेरी सीलर, म्हणजे तळाचा थर, कारण तांबड्या ओकवर नुसते असे आवरण गुलाबीसर दिसते. दुसऱ्या दिवशी मोजे घालून चालता आले. सतरंजी मात्र आठवडाभर अंथरली नाही.

तक्रारी दोन आहेत. काम धूळविरहित असेल असे कोटेशनवर लिहिले होते, तरी स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यांवर पिठासारखा थर बसला. यंत्राला जोडलेला शोषक पंप चांगला असला तरी गोल यंत्राची धूळ त्याला पुरती आवरत नाही, आणि हे आधी सांगायला हवे होते. दुसरे, सामान हलवण्याचे अडीचशे डॉलर कोटेशनमध्ये नव्हते. खिडकीखाली गोल यंत्राचे दोन-तीन वळसे राहिले होते, ते फोन केल्यावर त्याच आठवड्यात येऊन विनामूल्य दुरुस्त केले.

निगा राखण्याबाबत त्यांनी जे सांगितले ते आपल्याकडच्या सवयींच्या अगदी विरुद्ध आहे. आम्ही नऊ वर्षे बादलीत फडके बुडवून, लादी पुसावी तशी ही जमीन पुसत होतो, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आवरण सर्वांत आधी गेले ते त्यामुळेच. आता कोरडा मऊ मॉप आणि आवश्यक तेवढाच ओलावा, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या मऊ चकत्या, आणि वाफेचा मॉप कधीही नाही. हिवाळ्यात हीटर चालू झाल्यावर पट्ट्यांमध्ये फटी दिसतील, त्यांत लांबी (पुट्टी) भरू नका, असेही त्याने बजावले. उन्हाळ्यात लाकूड फुगले की ती लांबी चुरून वर येते. घरातली आर्द्रता ३५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवली तर फटी फारशा वाढत नाहीत.

समईखाली आता पितळी ताट असते.

जाताना त्याने हीटरची जाळी परत बसवण्याआधी उलटी केली आणि तिच्या मागच्या बाजूला खडूने तारीख आणि उरलेली जाडी लिहिली : दिवाणखाना साडेचार, निजण्याची खोली पावणेतीन, पाहुण्यांची खोली पाच, तासलेली नाही. पाच-सहा वर्षांनी तासणी न करता वर फक्त एक थर द्यायला बोलवा, असे तो म्हणाला, आणि तेव्हा तो स्वतः आला नाही तरी जो येईल त्याला आधी ही जाळी उलटून दाखवा.