सणाची सुट्टी: आपण जायचं की सगळ्यांना घरी बोलवायचं? (घरात लहान मुलं आणि कुत्रा-मांजर असेल तर)

सणाला महिनाभर उरला की आमच्याकडे फोन सुरू होतात, या वेळी तुम्ही येताय की आम्ही येऊ, आणि मग आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसतो कारण प्रश्न आमच्या दोघांचा नसतोच. घरात ४ वर्षांची मुलगी आहे, १४ महिन्यांचा मुलगा आहे, ६ वर्षांचा कुत्रा आहे (बिट्टू) आणि एक मांजर (मनी). आत्तापर्यंत आम्ही चारही प्रकार करून बघितलेत, बिट्टूला घेऊन माहेरी गेलो, त्याला बोर्डिंगला (पैसे घेऊन कुत्रे सांभाळतात तिथे) ठेवून गेलो, घरी माणूस ठेवून गेलो आणि एकदा सगळ्यांना आपल्याकडेच बोलवलं. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी चारही समोरासमोर ठेवतेय.

माझं मत आधीच सांगते. घरात ज्याला तोंडाने सांगता येत नाही, म्हणजे बाळ आणि मुकं जनावर, त्याला काय झेपेल ते पहिलं बघा आणि मग मोठ्यांचं ठरवा. मोठी माणसं रुसली तरी फोनवर समजूत काढता येते, पण बाळाला किंवा कुत्र्याला "दोन दिवस कळ काढ रे" म्हणून सांगता येत नाही.

आता पहिला प्रकार, सगळ्यांनी जायचं, कुत्र्यासकट. मुलगी वर्षाची होती तेव्हा आम्ही हे केलं. ऐकायला हेच सगळ्यात छान वाटतं, कुणाची ताटातूट नाही, मागे काळजी नाही, पोरगी त्याच्याशिवाय झोपत नव्हती तोही प्रश्न मिटला. पण प्रवासातच कळतं की एका गाडीत लहान मूल आणि कुत्रा असले की दोघांपैकी कुणाचंही काही निघालं की दोन्ही मोठ्यांचे हात अडकतात. बाळाची लंगोट बदलायला थांबलो तर एकाला गाडीपाशीच राहावं लागतं कारण बंद गाडीत कुत्र्याला पाच मिनिटंही सोडायचं नाही, बाहेर २१ अंश असलं तरी आत १० मिनिटांत ३२ च्या आसपास आणि अर्ध्या तासात ४० पर्यंत जातं, आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. (हे बाळालाही तितकंच लागू आहे, झोपलंय म्हणून गाडीत ठेवून पटकन काही घ्यायला उतरणं अजिबात नको.) कुत्र्याला छातीच्या हार्नेसने (पट्ट्याने) सीटबेल्टला अडकवा नाहीतर क्रेटमध्ये (प्रवासाच्या पिंजऱ्यात) ठेवा, मोकळा कुत्रा ब्रेक लागला की थेट फेकला जातो आणि त्याच्या वाटेत बाळ असू शकतं. निघायच्या तीन-चार तास आधी हलकं खाणं द्या म्हणजे ओकणार नाही. विमानाने न्यायचा विचार असेल तर पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा धोका जास्त असतो, आणि गुंगीचं औषध देऊन विमानात ठेवायला बहुतेक डॉक्टर नकोच म्हणतात.

प्रवास निभावतो हो. खरा प्रश्न पोचल्यावर येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे गप्पा मारत बसलो होतो, बिट्टू टेबलाखाली पडला होता आणि माझा भाचा, तेव्हा नुकताच रांगायला लागलेला, त्याच्याकडे निघाला. बिट्टूने आधी तोंड फिरवलं, मग ओठ चाटले, मग मोठी जांभई दिली, आम्हाला वाटलं झोप आलीये त्याला. मग तो एकदम ताठ झाला, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागला आणि अगदी बारीक आवाजात गुरगुरला. वहिनीने झडप घालून पोराला उचललं आणि सगळे बिट्टूवर ओरडले, मीसुद्धा. परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, हे सगळं "मला लांब राहू दे" असंच सांगणं असतं आणि गुरगुरणं ही त्यातली शेवटची सूचना. त्यावर ओरडलं तर कुत्रा सूचना द्यायचं बंद करतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. लहान मुलांना चावणारे कुत्रे कित्येकदा ओळखीचेच असतात, घरातले नाहीतर नातेवाईकांचे, रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याची आपण भीती बाळगतो आणि टेबलाखालच्याकडे लक्ष नसतं. बिट्टू आमच्या घरी कधीच गुरगुरला नाही कारण इथे त्याला उठून जायला त्याचा कोपरा आहे, आईकडे त्याला जायला जागाच नव्हती. हे आठवलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून कुत्र्याला न्यायचंच असेल तर तिकडे त्याची एक वेगळी, दार लागणारी खोली आहे का हे आधी विचारा. खोली नसेल आणि तिकडे रांगणारं मूल असेल तर मी तरी नेणार नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी बोर्डिंग. जागा आधी जाऊन बघितली, स्वच्छ होती, माणसं प्रेमळ वाटली, पण रात्री तिथे कोण असतं हे विचारायचं राहून गेलं आणि नंतर कळलं की रात्री कुणीच नसतं. हा प्रश्न पहिला विचारा. दुसरा, किती कुत्रे एकत्र सोडतात आणि तेव्हा समोर कोण उभं असतं. तिसरी गोष्ट विचारायची नाही, बघायची, ते तुमच्याकडे लसीचं कार्ड मागतात का. जे मागत नाहीत तिथे बाकीचेही कुत्रे बिनलसीचे आलेले असणार. रेबीज आणि बाकीच्या नेहमीच्या लसींसोबत केनेल कफची (कुत्र्यांना एकमेकांपासून लागणारा खोकला) लस लागते आणि इथेच बरेच जण चुकतात कारण आदल्या दिवशी जाऊन टोचून आणली असं चालत नाही, नाकात टाकायच्या लसीला निदान तीन दिवस द्यावे लागतात आणि इंजेक्शनवाली पहिल्यांदाच देत असाल तर २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. आमचा एकच डोस झाला होता. घरी आणल्यावर पाचव्या दिवशी बिट्टूला खोकला सुरू झाला, घशात काहीतरी अडकल्यासारखा कोरडा, आणि रात्री तो खोकला की पोरगी उठायची, ती उठली की आम्ही, असे दोन आठवडे गेले. आपोआप बरा झाला, पण तेवढे दिवस त्याला दुसऱ्या कुत्र्यांजवळ नेता आलं नाही.

बोर्डिंग सगळ्यांनाच वाईट असं मात्र नाही. ज्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यांत मजा येते त्याला ते आवडतं सुद्धा. महिनाभर आधी एक रात्र ठेवून बघा, परत आल्यावर तो जेवतोय का, नीट झोपतोय का त्यावरून कळतं. रोजचंच खाणं बरोबर द्या, अचानक बदललं की पोट बिघडतं, आणि त्याची न धुतलेली चादर द्या, घरचा वास असतो तिला. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर बोर्डिंगचा विचारच नको.

पण त्या वर्षी मला जास्त लागलं ते वेगळंच. आमची एक जुनी पांढरी चादर आहे, दरवर्षी सणाच्या दिवशी तिच्यावर सगळ्यांच्या हाताचे ठसे उमटवतो आणि बिट्टूच्या पंजाचा, खाली साल लिहितो. मुलीचा पहिला ठसा माझ्या दोन बोटांएवढा आहे. त्या वर्षी चादर आईकडे अंथरली, ठसे झाले आणि पोरगी दोन वर्षांची, नीट बोलताही येत नव्हतं, ती रिकाम्या जागेवर हात ठेवून "बिट्टू, बिट्टू" करत रडायला लागली. मुलांच्या लेखी सण म्हणजे अशीच दरवर्षी तशीच होणारी एखादी छोटी गोष्ट असते, ती कुठल्या घरात होते याने त्यांना फार फरक पडत नाही, त्यात कुणी कमी पडलं तर मात्र पडतो.

घरी माणूस ठेवणं हा तिसरा प्रकार, एका लग्नासाठी चार दिवस केला. मांजर असेल तर यावर फार विचार करू नका, हेच करा. मांजर माणसांना जेवढं तेवढंच जागेलाही धरून असतं आणि जागा बदलली की कित्येकदा खाणंच सोडतं, आणि मांजराचा दोन-तीन दिवसांचा उपास साधा नसतो, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, जाडं मांजर असेल तर जास्तच. म्हणून येणाऱ्याला सांगा, वाटी भरून गेलं एवढं पुरेसं नाही, मनी खरंच खातेय का ते बघायचं. कुत्र्यासाठी मात्र राहायला येणारं माणूस हवं, येऊन-जाऊन असणारं नको, आणि ते आधी दोन-तीनदा आपण असताना घरी येऊन गेलेलं असावं. फ्रिजवर कागद लावा, डॉक्टरांचा नंबर, औषधाची वेळ, त्याला काय द्यायचं नाही.

आता चौथा, सगळ्यांना आपल्याकडे बोलवणं. गेल्या वर्षी मुलगा तीन महिन्यांचा होता म्हणून केलं. बाळाच्या झोपेच्या दृष्टीने याला तोड नाही, त्याचाच पाळणा, त्याचाच अंधार, दुपारची झोप चुकली नाही आणि त्यामुळे संध्याकाळी तो सगळ्यांच्या मांडीवर हसत होता. आईकडे गेलो होतो तेव्हा मुलगी रोज रात्री अकरापर्यंत रडायची. जनावरांनाही आपला कोपरा मिळतो. थकवा मात्र सगळा तुमच्या वाट्याला येतो, आठ माणसांचं खाणंपिणं, अंथरुणं, आणि शिवाय घर आपलं असलं तरी पाहुणे आल्यावर ते आपल्या सवयीचं राहत नाही हे लक्षात ठेवा.

म्हणजे काय, तर दार. दिवसातून वीस वेळा उघडतं आणि पाहुण्यांना "आधी कुत्रा कुठेय बघा" ही सवय नसते. बिट्टू निघालाच होता, शेजारच्या मुलाने जिन्यात पकडला. तेव्हापासून दाराच्या आत बाळाचं गेट लावतो. त्याला मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती) आहे पण चिपवरून कुत्रा कुठे आहे ते कळत नाही (बऱ्याच जणांचा असा समज असतो), त्यात फक्त एक नंबर असतो आणि तो वाचायला स्कॅनर लागतो, म्हणून पट्ट्यावर चालू फोन नंबरचा बिल्ला हवाच. मग पाहुण्यांच्या बॅगा. आजी-आजोबांच्या बॅगेत गोळ्या असतात, बॅग जमिनीवर असते आणि बाळही जमिनीवर असतं, आल्या आल्या सगळ्या बॅगा एका खोलीत उंचावर ठेवायच्या, कुणाला राग येत नाही. भेट आलेल्या खेळण्यांतल्या नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या तर आधी तपासा, झाकणाला स्क्रू नसेल तर खेळणं बाजूला, कारण ती बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, थांबून बघायचं नाही, सरळ हॉस्पिटल. टेबलावरचं चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा हे कुत्र्याला विषासारखं, आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल त्याहून वाईट, अर्ध्या तासात रक्तातली साखर पार खाली येते. गुच्छात लिलीची फुलं आली तर मांजराच्या घरात आणूच नका, अंगावर पडलेले परागकण चाटूनही मांजराची किडनी जाते. आणि गोंगाट! माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास आणि मांजराला त्याहूनही वर, म्हणजे आपल्याला ऐकूच न येणारे बारीक आवाजही त्यांना ऐकू येतात. आम्ही मागची खोली बिट्टू-मनीची केली आणि दारावर मुलीच्या उंचीवर तिनेच काढलेलं झोपलेल्या कुत्र्याचं चित्र चिकटवलं, चित्र दिसलं की आत जायचं नाही. सगळी मुलं पाळत होती, मोठ्यांपेक्षा जास्त.

मग ठरवायचं कसं? रात्री अजून उठणारं बाळ असेल तर सगळ्यांना बोलवा आणि कामं आधीच वाटून टाका, न लाजता. मूल रांगतंय किंवा नुकतं चालतंय आणि कुत्रा घाबरट किंवा म्हातारा आहे, तर त्याला घरी माणसाजवळ ठेवा, कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांत सहज मिसळणारा असेल तर बोर्डिंगही चालेल. कुत्र्याला घेऊन सगळ्यांनी जाणं मी मुलं पाच-सहा वर्षांची झाल्याशिवाय सुचवणार नाही, तोपर्यंत "तो झोपलाय, हात लावायचा नाही" हे त्यांना कळतं पण जमत नाही. खर्चाचं म्हणाल तर घरी बोलवणं स्वस्त वाटतं पण खाण्यापिण्यात ते बरोबरीला येतं, त्यावरून ठरवू नका.

आमचं या वर्षीचं ठरलंय. आईचे गुडघे दुखतात, तिला प्रवास नको, म्हणून आम्ही जातोय, पण दोनच रात्री, आणि मुलाच्या दुपारच्या झोपेच्या वेळी निघणार. बिट्टू आणि मनीजवळ मागच्या वेळचीच ताई राहायला येतेय, परवा येऊन दोघांना भेटून गेली, बिट्टू तिच्या पायावर डोकं ठेवून झोपला. चादरीवर बिट्टूचा ठसा निघायच्या आदल्या संध्याकाळी इथेच घेणार, पाण्याचा रंग आणि लगेच ओलं फडकं कारण तो पंजा चाटतो, मग चादर बरोबर नेऊन बाकीचे हात तिकडे. मनीने आजवर एकदाही पंजा दिलेला नाही. मुलीने तिच्यासाठी कोपऱ्यात पेन्सिलने गोल काढून ठेवलाय.