सेकंडहँड रोटरी पंप : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

हा पंप आमच्या प्रयोगाच्या बंद पेटीतली, म्हणजे चेंबरमधली, हवा उपसून व्हॅक्यूम (निर्वात) करतो. परवा भर दुपारी वीज गेली आणि पंपातलं तेल नळीतून चेंबरकडे चढायला लागलं. "सर, पंप बंद पडना!" पोरगा ओरडला. हाताने व्हॉल्व्ह आवळला म्हणून चेंबर वाचलं. आता लिहायलाच हवं.

आमच्या जळगावच्या कॉलेजात आर्गॉन आयनांसाठी (विद्युतभारित आर्गॉन अणूंसाठी) स्वस्तातला ॲक्सिलरेटर, म्हणजे त्यांना वेग देणारं यंत्र, उभा राहतोय. बर्कले लॅब आणि कॉर्नेल विद्यापीठाने दाखवलेलीच वाट: महागड्या धातूच्या पोकळ्यांऐवजी भोकं पाडलेले सर्किट बोर्ड एकामागे एक लावायचे आणि फटींमध्ये आरएफ (रेडिओ वारंवारतेचं) व्होल्टेज द्यायचं. १३.५६ मेगाहर्ट्झ आणि १० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा आर्गॉन धरला तर एका फटीपासून दुसरीपर्यंत जेमतेम ८ मिमी. आयन वेग घेतील तसं अंतर वाढवत न्यायचं. बोर्ड स्वस्त आहेत. पैसा खातं ते व्हॅक्यूम. दाब मिलिबारच्या हजाराव्या भागाइतका उतरला तरी हवेचे रेणू ७ सेंमीच्या आसपास जाताच एकमेकांवर आदळतात, तसे आयनांनाही अडवतात, म्हणून आणखी खोल व्हॅक्यूम करणारा डिफ्यूजन पंप लागतो, आणि त्याच्या मागे जोडीला हा रोटरी.

पावसाळ्यात मी याला दोनच तारे दिले असते. तेल ताकासारखं पांढरं पडायचं, व्हॅक्यूम अर्ध्यावर अडायचा. विक्रेता म्हणाला, "बोर्ड दमट असतील." ते खरं निघालं, हे बोर्ड ओल धरतात. बोर्ड ओव्हनमध्ये शेकले, रोज सुरुवातीला गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारी झडप) उघडून पंप गरम होऊ दिला, तेल स्वच्छ झालं. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत ही ताकद मिळाली, चार तारे नक्की.

पण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पंप थांबला की तेल उलटं जाऊ न देणारी झडप! विकताना "आहे" म्हणून सांगितलेला. इनलेट (हवा आत ओढणारं तोंड) उघडलं तर नुसती बैठक, झडप गायब. फोन केला तर उत्तर, "लाइट गेली की हाताने बंद करा ना." अहो, इथे वीज कधी जाईल हे कोणाला ठाऊक? तेलाचा थर बोर्डावर बसला की ठिणग्यांनी त्याचा कोळसा होतो, मग त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा ठिणगी पडते. तो बोर्ड गेलाच समजा. पोरांनी त्यातलं एकेक भोक मोजून जुळवलेलं असतं.

एक तारा कापला, तो याच झडपेचा. आता वीज जाताच आपोआप मिटणारा आणि पंपाच्या बाजूला हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवतोय, म्हणजे तेल वर ओढलं जाणार नाही. जुना पंप घेणार असाल तर विक्रेत्यासमोर इनलेट उघडा, झडप डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या.