आरओ की यूव्ही? नागपूरच्या नळाच्या पाण्यासाठी काय घ्यावं

गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो. आरओ, म्हणजे मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं मशीन, आमच्या घरी चार वर्षं होता, आता अडीच वर्षं झाली यूव्ही-यूएफवालं मशीन आहे, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं आणि सोबत बारीक गाळणी असलेलं. लॅबमध्ये काही तपासलेलं नाही, घरात वापरून जे दिसलं तेवढंच सांगतो.

मशीनचं नंतर बघा, आधी पाणी कुठलं येतं ते बघा. आमच्याकडे मानेवाड्याला कॉर्पोरेशनचा नळ आहे, म्हणजे पेंच-कन्हानचं पाणी. टीडीएस मीटर, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा, काही फार महाग येत नाही, तो घेऊन उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोनदा मोजा. माझ्या नळाला १६० ते २१० च्या मधात दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात ५०० पर्यंतचं पाणी चांगलं धरतात, आणि २०१९ मध्ये हरित लवादानेही ५०० च्या खाली आरओ नकोच असं म्हटलं होतं. मग चार वर्षं मी त्या २०० चं ३० कशासाठी करून राहिलो होतो? कारण विकायला आलेल्या माणसाने ग्लासात दोन कांड्या बुडवून करंट दिला आणि पाणी तपकिरी झालं, आई घाबरली. ती घाण पाण्यातली नसते हो, लोखंडाची कांडीच विरघळते. क्षार कमी असले की वीज नीट वाहत नाही, म्हणून आरओचं पाणी स्वच्छ दिसतं, बाकी काही नाही. आणि मीटरमध्ये जंतू दिसतच नाहीत. कावीळ-टायफॉइडवालं पाणी मीटरवर अगदी छान आकडा दाखवू शकतं.

पण खरं सांगायचं तर आरओ मी काढला तो त्या बादलीपायी. सिंकमध्ये आरओच्या टाकाऊ पाण्याची ती बारीक नळी सोडलेली असते ना, तिच्यातून दिवसभर पाणी जात राहतं. एका रविवारी मी बसून बघितलं, प्यायच्या पाण्याची एक बाटली भरेपर्यंत खाली तशाच तीन भरल्या आणि चौथी सुरू झाली. जीव तुटला. मग नळीखाली बादली ठेवली, की हे पाणी वापरू. पुसायला घेतलं तर काळ्या फरशीवर पांढरे डाग. तुळशीला घातलं तर पानांच्या कडा करपल्या. मे महिन्यात कूलरमध्ये टाकलं, तर पंधरा दिवसांत ताट्यांवर क्षाराचा कडक थर बसला, हात लावला की पापुद्रा निघायचा, आणि हवा गारच येईना. शेवटी फक्त संडासात टाकायला उरलं, तेही बादली भरली की कोणीतरी उचलायची, आणि आईचे गुडघे दुखतात. एकदा लग्नाला गेलो, बादली भरून वाहिली, परत आलो तर किचनभर पाणी. उन्हाळ्यात अजून एक, आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं, आणि ४०-४५ अंशांच्या वरचं पाणी मेम्ब्रेनला चालत नाही. माझं मेम्ब्रेन दोनदा बदलावं लागलं, कारण हेच असावं असा माझा अंदाज.

यूव्हीत सगळं चांगलंच आहे असंही नाही. लाइट गेली की बंद. पाइपलाइनचं काम झालं की पहिलं पाणी गढूळ येतं, गढूळ पाण्यात तो प्रकाश पोचत नाही, म्हणून आधीचा फिल्टर वेळेवर बदलावाच लागतो आणि ते पहिलं पाणी सोडून द्यायचं. दिवा चालू दिसला तरी त्याची ताकद कमी होत जाते, मी वर्षाने बदलतो. आणि मशीनमधून निघाल्यावर पाण्याला कसलंच संरक्षण राहत नाही, माठात हात बुडवला की सगळं वाया. आमच्याकडे माठाला तोटी लावून घेतली आहे, आठवड्यातून एकदा तो रिकामा करून घासतो.

आता माझी ताई बेसाला राहते, तिच्या सोसायटीत बोअरचं पाणी, मीटर ९४० दाखवतो. चहावर साय धरल्यासारखा तवंग येतो, कुकर आतून पांढरा होतो. तिला मी यूव्ही घे म्हणणार नाही, क्षाराला यूव्ही काहीच करत नाही आणि उकळूनही सगळे क्षार जात नाहीत. तिच्याकडे आरओच पाहिजे, बादलीसकट. अर्धं बोअर, अर्धं टँकर असं येत असेल तर तुम्हीही बहुतेक आरओकडेच जा.

पण नुसता कॉर्पोरेशनचा नळ असेल आणि मीटर तीनशेच्या आत असेल, तर माझ्या मते यूव्ही-यूएफ पुरे. ज्यांना मशीनच नको त्यांनी उकळावं, खळखळून एक मिनिट, आणि झाकून थंड करावं, फक्त आपल्या मे महिन्यात रोज दोन गंज पाणी उकळलं की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. आई अजूनही पावसाळ्याचे पहिले आठ दिवस मशीनचं पाणी परत उकळूनच माठात भरते, आणि मी तिला अडवत नाही.