म्हापशातील सहा रविवारांचा ट्रेडिंग वर्ग: एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

म्हापशाच्या बाजारापासून चालत पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरणारा शेअर ट्रेडिंगचा सहा रविवारांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. फी सहा हजार रुपये, वेळ सकाळी दहा ते एक, आणि शिकणारे आम्ही चौदा जण. त्याआधी एका टेलिग्राम वाहिनीचे पैसे भरून घेतलेले ‘कॉल’ (खरेदी-विक्रीचे सल्ले) पाळत मी ऑप्शन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांत, चार महिन्यांत चौऱ्याऐंशी हजार रुपये घालवले होते, त्यामुळे वर्गात मी संशय मनात ठेवूनच शिरलो.

पहिल्याच तासाला सरांनी शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालातला आकडा फळ्यावर लिहिला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. फी घेतलेल्या विद्यार्थ्यांसमोर सुरुवातीलाच हे सांगणारा शिक्षक मला प्रथमच भेटला. कोणता शेअर घ्यावा हे त्यांनी सहा रविवारांत एकदाही सांगितले नाही, आणि दाखवलेले सगळे चार्ट तीन महिन्यांहून जुने होते, कारण केवळ शिक्षण देणाऱ्यांनी त्याहून ताजे भाव वापरू नयेत असे सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले होते.

या वर्गाचे खरे मोल दुसऱ्या रविवारी कळले. सरांनी प्रत्येकाला एका डब्यात दहा चिंचोके दिले, त्यांतले चार पांढऱ्या रंगाने रंगवलेले होते. पांढरा आला की लावलेल्या रकमेच्या दुप्पट नफा, साधा आला तर लावलेली रक्कम गेली, आणि प्रत्येक वेळी चिंचोका परत डब्यात टाकायचा. दहापैकी सहा वेळा हरूनही सरासरीने प्रत्येक रुपयामागे वीस पैसे सुटावेत असे हे गणित आहे, म्हणजे पद्धत फायद्याचीच. तरीही माझे सलग आठ चिंचोके साधे निघाले. दर वेळी भांडवलाचा एक टक्का लावला असता तर शंभरातले ९२ रुपये हातात उरले असते. मी दहा टक्के लावत होतो, म्हणून उरले ४३, आणि ते पुन्हा शंभरावर न्यायला १३२ टक्क्यांहून अधिक नफा लागतो. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा डबा तसाच होता, पद्धतही तीच होती, पण त्या एक टक्क्यावर टिकून राहिल्या आणि चाळीस खेळी संपल्यावर नफ्यात होत्या. मी ऑप्शन्समध्ये का बुडालो, हे मला त्या दिवशी प्रथमच उमजले.

त्यानंतरचा भाग वहीतला होता. भांडवल दोन लाख, एका व्यवहारात सोसायचा तोटा एक टक्का म्हणजे दोन हजार, शेअर ४८० ला घ्यायचा आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव, ४६५ ला, तर शेअरमागे जोखीम पंधरा रुपये आणि घ्यायचे शेअर १३३. हा हिशेब खरेदीआधी वहीत उतरवल्याशिवाय मोबाइलला हात लावायचा नाही, असा वर्गाचा दंडक होता. स्टॉपलॉस लावला म्हणजे तोटा तिथेच थांबतो हा माझा समजही त्यांनी दूर केला: २३ मार्च २०२० रोजी सकाळीच निफ्टी हा पन्नास मोठ्या शेअरांचा निर्देशांक दहा टक्क्यांनी कोसळून व्यवहार ४५ मिनिटे थांबले आणि दिवसअखेर घसरण सुमारे १३ टक्क्यांवर गेली. अशा दिवशी ठरवलेला भाव मिळेलच असे नाही.

पद्धत निवडण्याविषयी त्यांचे सांगणे सरळ होते. ज्याला सव्वानऊ ते साडेतीन पडद्यासमोर बसता येत नाही, त्याने इंट्राडेच्या, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकण्याच्या, वाटेला जाऊ नये. दिवसाच्या कँडलवर (चार्टवर एका दिवसाचे भाव दाखवणारी खूण) काही दिवस वा आठवडे धरून ठेवण्याची पद्धत घ्यावी, आणि तीसुद्धा जुन्या भावांच्या एका भागावर तयार करून, न पाहिलेल्या दुसऱ्या भागावर तपासून.

उणिवा आहेत. खर्च आणि कर हा विषय शेवटच्या अर्ध्या तासात गुंडाळला गेला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑप्शन विकताना प्रीमियमवर (ऑप्शनच्या किमतीवर) लागणारा एसटीटी हा व्यवहार-कर ०.१ टक्का झाला, इंट्राडेचे उत्पन्न सट्ट्याचे धरले जाते, एवढेच ऐकायला मिळाले. वारंवार व्यवहार करणाऱ्याचा नफा याच खर्चात झिजतो, तेव्हा हा विषय असा उरकणे मला पटले नाही. बोलणे मराठीत, अधूनमधून कोकणीत. टिपणे मात्र सगळी इंग्रजीत, हेही खटकले.

पाचव्या रविवारची एक गोष्ट मात्र डिचोलीकर म्हणून मला आतून लागली. एकाच क्षेत्रातले पाच शेअर घेणे म्हणजे पाच नव्हे, एकच व्यवहार, असे सर म्हणाले आणि मला २०१८ चा मार्च आठवला. गोव्यातल्या खाणी थांबल्या, आमचे दोन्ही ट्रक उभे राहिले, आणि ज्या चुलतभावाच्या गॅरेजवर आमची भिस्त होती तेही त्याच महिन्यात ओस पडले, कारण सगळ्यांचीच मिळकत एका खनिजावर होती. त्या रविवारी रात्री मी माझे शेअर तपासले तेव्हा सातपैकी पाच बँकांचे निघाले.

पुढची तुकडी गणेश चवथीनंतर सुरू होते आहे. खर्च-करांसाठी या वेळी एक पूर्ण रविवार ठेवू, असे सरांनी सांगितले आहे. त्या भरवशावर मी धाकट्या भावाचे नाव नोंदवले आहे, आणि तो एक रविवार मी स्वतःही जाऊन बसणार आहे.